आईची वाटी किती ग्रॅमची?

मैत्रिणींनो, फराळात हात बसलेल्या बायकाही एका ठिकाणी हटकून अडतात. आईच्या वहीत सगळे वाट्यांनी लिहिलेले असते आणि वाण्याकडची पिशवी येते ग्रॅममध्ये. मग कुणीतरी सांगते, "वाटी म्हणजे 200 ग्रॅम, त्यात काय!" इथेच सारे बिघडते.

हा घोळ तसा जुनाच. पूर्वी धान्य मापाने मिळे. पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. शिवाय त्याच नावाचा वजनाचा शेरही होता, ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा! मापावर शीग ठेवायची की हात फिरवून सपाट करायचे, यावरून दारात वाद होत ते वेगळेच. 1956 चा कायदा झाला, 1 ऑक्टोबर 1958 पासून दशमान वजने बाजारात येऊ लागली आणि शेर-पायल्या हळूहळू माळ्यावर गेल्या. स्वयंपाकघरातली वाटी मात्र जागची हलली नाही.

माझी एक भाची कॅनडात असते. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला, "अगं मावशी, बेसनाचे लाडू वळतच नाहीत गं!" आमच्या आईचे प्रमाण असे : दोन वाट्या बेसन, पाऊण वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर. पोरीने वाटीला 200 ग्रॅम धरून 400 ग्रॅम बेसन घेतले आणि तूप 150. आता पाहा. ज्या वाटीत 200 ग्रॅम पाणी मावते, तिच्यात चाळलेले बेसन जेमतेम 95 ग्रॅम भरते आणि पातळ केलेले तूप 180. म्हणजे आईच्या दोन वाट्या बेसनाला, 190 ग्रॅमला, 135 ग्रॅम तूप पडे. भाचीच्या बेसनाला तूप जवळजवळ निम्मेच मिळाले. लाडू वळणार कसे? सुदैवाने साखर घालायची राहिली होती. तूप वाढवून पुन्हा मंद भाजायला सांगितले, आणि निभावले.

त्याच वाटीत साखर सुमारे 170 ग्रॅम, पिठीसाखर 110, रवा 140 भरतो. मैद्याचा भरवसा धरू नका. हलक्या हाताने भरला तर 110, वाटी आपटून दाबलात तर 130च्याही वर. चकलीच्या भाजणीला मात्र इतके भिण्याचे कारण नाही. तांदूळ आणि डाळी वाटीला साधारण सारख्याच भरतात, तेव्हा वाट्यांचे प्रमाण तसेच किलोवर नेले तरी चालते. त्यात पोहे-धने असतील तर ते तेवढे वाटीनेच घ्या. ते फार हलके.

माझे आकडे तुम्ही उतरवून घ्यावेत असे मी म्हणणार नाही, कारण तुमच्या आईची वाटी निराळी. ती वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग वाटी कोरडी करून एकेक जिन्नस आई भरत असे तसाच भरा, चाळून तर चाळून, शिगेने तर शिगेने, आणि वजन वहीत त्या त्या ओळीशेजारी लिहा. आमची ती पितळी वाटी वहिनींकडे आहे म्हणून हे जमले. कधी मोडीत गेली असती, तर वही हाती असून आईचा लाडू गेलाच होता. तुमच्याकडे ती भावाकडे, बहिणीकडे असेल तर याच दिवाळीत मागून आणा, चार भावंडे जमतील तेव्हाच वजन करा.

राहता राहिली शंकरपाळी. दूध, तूप, साखर एकेक वाटी आणि "मावेल तितका मैदा". दूध-तूप-साखरेचे वजन खुशाल लिहा. मैद्याला काटा नको. पीठ घट्ट होऊन परातीला चिकटायचे थांबले की हात थांबवा.