खुर्चीचे दिवस मोजणारे

मुख्यमंत्री बदलण्याची नुसती कुजबुज सुरू झाली, की चहाच्या टपरीपासून अग्रलेखापर्यंत एकच सूर लागतो : राज्याला स्थिर माणूस हवा, खुर्ची हलली की कामं थांबली. दाखल्याला वसंतराव नाईक ठरलेले. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ इतका सलग काळ महाराष्ट्रात दुसऱ्या कुणालाच मिळाला नाही. उलट बाजूचा दाखलाही ठरलेलाच : जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत पाच मुख्यमंत्री आले आणि गेले. सुवर्णकाळ एकीकडे, संगीतखुर्ची दुसरीकडे. झाला निकाल!

निकाल इतका सोपा नाही. नाईकांच्या कारकिर्दीत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चारही कृषी विद्यापीठं उभी राहिली, हायब्रीड ज्वारी शिवारात आली. हे श्रेय त्यांचंच. पण १९७२ चा दुष्काळही त्याच स्थिर कारकिर्दीतला. मे १९७३ मध्ये जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. बायका खडी फोडत होत्या, पाझर तलावांवर माती वाहत होत्या, पोरं सुकडीसाठी रांगेत उभी होती आणि घरोघर परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या जात होत्या. पाऊस पडला नाही हा काही नाईकांचा गुन्हा नव्हे. मात्र मुख्यमंत्री नववं वर्ष पुरं करत होता म्हणून राज्याचं पोट भरलं, असंही झालं नाही.

पोट भरलं ते कामांनी, आणि त्या कामांना हक्काचं रूप देणारी कल्पना मुख्यमंत्र्याची नव्हतीच. ती, म्हणजे रोजगार हमी योजना, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव भागात तिचा प्रयोग झाला. नाईकांनी ती उचलून धरली, हे त्यांचं मोठेपण. पुढचा प्रवास मात्र दिवस मोजणाऱ्यांनी नीट पाहावा. योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून रक्कम कापायची आणि सरकारने तेवढीच भर घालून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, ही ती व्यवस्था. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा खुर्चीवर वसंतदादा पाटील होते. आणि २६ जानेवारी १९७९ ला तो अमलात आला, तेव्हा शरद पवार.

यातलं शेवटचं वळण तर अस्सल मराठी राजकारणातलं. पवारांनी जुलै १९७८ मध्ये दादांचं सरकार पाडलं. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग त्या घटनेला आजही चिकटलेला आहे. सरकार पाडलं, कायदा मात्र पाडला नाही. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, हा हक्क चार मुख्यमंत्र्यांच्या हातांतून जात मजुरापर्यंत पोचला.

मुख्यमंत्र्याला ठरावीक मुदत राज्यघटनेनेही दिलेली नाही. तो मंत्रिमंडळाचा प्रमुख, आणि ते मंत्रिमंडळ सामुदायिकपणे विधानसभेला जबाबदार. बहुमत असेतो खुर्ची. म्हणून त्याची परीक्षा दोनच गोष्टींत घ्यावी : कारभारात आणि कायद्यात त्याने काय रुजवलं, आणि आधीच्याची चांगली फाइल पुढे नेली की केराच्या टोपलीत टाकली.

या मापाने अल्पकाळवाले काही अगदीच हलके भरत नाहीत. बॅरिस्टर बाबासाहेब भोसले यांना जेमतेम वर्ष मिळालं आणि विनोदी मुख्यमंत्री म्हणून त्यांची बोळवण झाली. पण लातूर आणि गडचिरोली हे जिल्हे १९८२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झाले. गडचिरोलीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी चंद्रपूर गाठावं लागत होतं, ते थांबलं. त्याला हा विनोद वाटला नसावा.

वारंवारच्या बदलांनी काहीच बिघडत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. नवा माणूस येतो, सचिव बदलतात, बदल्यांच्या याद्या निघतात आणि अर्धवट कामं तशीच पडून राहतात. ही तक्रार खरी आहे. पण ती कारभाराच्या शिस्तीची तक्रार झाली; एकाच माणसाला दहा वर्षं बसवणं हे तिच्यावरचं औषध नव्हे.

बॅरिस्टर अंतुले यांचं उदाहरण तर दोन्ही बाजूंना अडचणीचं. दीड वर्षाहून थोडा अधिक काळ मिळाला. शेवट सिमेंट वाटपातल्या गैरव्यवहाराच्या आरोपात, जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा. त्यांच्यावरची टीका योग्यच होती. पण १९८० मध्ये त्यांच्याच सरकारने सुरू केलेली संजय गांधी निराधार योजना त्यानंतरच्या कुठल्याही मुख्यमंत्र्याने मोडीत काढली नाही. तालुक्याच्या बँकेत पासबुक भरून घ्यायला पायरीवर बसलेली म्हातारी त्या पैशांना आजही ‘निराधारचा पगार’ म्हणते, आणि या महिन्याचा जमा झाला का, एवढंच खिडकीपाशी विचारते.