माती की नाती? : घरातल्या छोट्या स्पीकरविषयी

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात मी एका वऱ्हाडी कवितेचे ध्वनिमुद्रण मोबाइलवरून ऐकवले. संहिता मुद्दामच हाती दिली नव्हती. नुसते ऐकून आस्वाद लिहावा, असा स्वाध्याय होता. एका विद्यार्थिनीने तुटत चाललेल्या नात्यांविषयी दोन पाने लिहिली. मांडणी नेटकी होती, उदाहरणे योग्य होती, भाषाही चांगली होती. अडचण एवढीच, की त्या कवितेत 'नाती' हा शब्द कुठेच नव्हता. कवीने 'माती' म्हटले होते. काळ्या मातीच्या कापूसपट्ट्यात लहानाची मोठी झालेल्या मुलीला 'माती' ऐकू आली नाही, याचे मला आधी नवल वाटले आणि मग खंत वाटली. तिच्या कानांत काही उणे नव्हते. उणे होते ते माझ्या हातातल्या उपकरणात, आणि 'ऐकवायला एवढे पुरे' असे मानणाऱ्या माझ्या समजुतीत.

हे असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. 'म' आणि 'न' ही दोन्ही अनुनासिके. ओठ किंवा जीभ मुखावाटे येणारी हवा अडवते, तेव्हा नाकातून जी गुंजन येते तिचा भर साधारण तीनशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खालच्या पट्टीत असतो. पुढच्या स्वरात शिरताना होणारा निमिषार्धाचा बदल हा त्या दोहोंमधला मुख्य भेद. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला खालची पट्टी पेलत नाही, आणि तो निमिषार्ध वर्गातल्या पंख्याच्या घरघरीत बुडतो. जुन्या मध्यलहरी रेडिओची कथा याच्या उलट होती. त्यात आवाजाला भरीवपणा असे, पण वरची टोके कापलेली असत. त्यामुळे 'स' आणि 'श' एकमेकांच्या जवळ सरकत. उपकरण बदलले की कुठला वर्ण हरवणार तेही बदलते.

मराठीच्या अभ्यासकाला हे सांगण्यासाठी वेगळी परिभाषा लागत नाही. पाठचिकित्सेत आपण काय करतो? लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर बदलले आणि त्यामुळे ओवीचा अर्थ फिरला, तर त्यावर पानेच्या पाने लिहितो. स्पीकर हाही एक लेखनिकच आहे. वाईट स्पीकर म्हणजे मुद्रणदोषांनी भरलेली आवृत्ती. फरक इतकाच, की छापील चूक डोळ्यांना दिसते आणि दुसरी प्रत ताडून पाहता येते; ऐकण्यातली चूक मात्र ऐकणाऱ्याला चूक म्हणून कळतच नाही. म्हणून घरासाठी स्पीकर निवडणे हे माझ्या मते केवळ हौसेचे काम नाही. साहित्याच्या माणसासाठी ते आवृत्ती निवडण्याचे काम आहे, आणि त्याचा पहिला निकष शब्द हाच असायला हवा.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. 'ज्ञानेश्वरी' श्रोत्यांना उद्देशून बोलली गेली आहे. तिच्यातली श्रोत्यांची आळवणी वगळली तर ग्रंथाची घडणच मोडेल. अर्वाचीन काळातही पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेले 'गीतरामायण' महाराष्ट्राने आधी ऐकले. त्या छप्पन्न गीतांचे कवी ग. दि. माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ही आमच्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगाव एकत्र काव्यवाचने केली. शेजारच्या अमरावतीचे सुरेश भट आपल्या गझला तरन्नुममध्ये सादर करीत. आमच्या यवतमाळचे शंकर बडे (निधन २०१६) 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग वऱ्हाडीतून करीत. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, हे छापून दाखवता येते. त्या 'डोया'चा हेल कुठल्याही लिपीत उतरत नाही. 'चमचा' या शब्दातले दोन 'च' वेगवेगळे आहेत, हेदेखील देवनागरी सांगत नाही, कानच सांगतो.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येतो. ज्याला बुकशेल्फ स्पीकर म्हणतात तो म्हणजे साधारण फूटभर उंचीची लाकडी पेटी. तिच्यात खालच्या व मधल्या स्वरांसाठी चार ते साडेसहा इंचांचा वूफर आणि वरच्या स्वरांसाठी सुमारे एक इंचाचा ट्विटर असतो. दोघांत कामाची वाटणी करणारे क्रॉसओव्हर नावाचे मंडल बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास ती वाटणी करते. ही जागा नाजूक असते. व्यंजनांची ओळख पटवणारे पुष्कळसे तपशील याच परिसरात असतात. तिथे सांधा नीट जुळला नसेल, तर बोलणारा माणूस एक न वाटता दोन तुकड्यांचा वाटतो.

या छोट्या पेटीच्या इतिहासातले एक उदाहरण आपल्या मुद्द्याला फार जवळचे आहे. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात एलएस थ्री-फाइव्ह-ए नावाचा स्पीकर तयार केला. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत जागा अपुरी असे, आणि निवेदकाचा आवाज जसा आहे तसाच येतो आहे की नाही, हे तिथेच बसून तपासायचे असे. त्यासाठी ही सुमारे तीस सेंटिमीटर उंचीची बंद पेटी घडवली गेली. तिला गडगडाट साधत नाही, फार मोठा आवाजही साधत नाही. मनुष्याचा आवाज मात्र ती इतका खरा देते, की पन्नास वर्षांनंतरही तिच्या धर्तीचे स्पीकर बनतात. बोललेला शब्द ही कसोटी ठेवून घडवलेली वस्तू घरातल्या संगीतालाही पुरून उरली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आमच्याकडे मात्र स्पीकरची थोरवी अजूनही धडधडीवर मोजली जाते. लग्नाच्या वरातीत छातीत धक्के देणाऱ्या भिंती पाहून तीच अपेक्षा घरात येते. दहा बाय बाराच्या खोलीत ती अपेक्षा अंगाशी येते. बारा फुटांची लांबी सुमारे सत्तेचाळीस हर्ट्झच्या स्वराला स्वतःच फुगवते, दहा फुटांची रुंदी छप्पन्नच्या आसपास. वर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. म्हणजे घुमण्याची सोय घरबांधणीनेच केलेली असते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण शंभर ते दीडशे हर्ट्झचा, स्त्रीचा दोनशेच्या आसपासचा. साठ-सत्तर हर्ट्झपर्यंत उतरणारी छोटी पेटी बोलण्यातले काहीच गमावत नाही. मर्यादा आहे ती सांगितली पाहिजे: पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याची गमक याच सीमेवर येतात, आणि तिथे मोठी पेटी सरस ठरते. ज्याच्याकडे मोठी खोली आहे आणि ज्याला मुख्यतः ख्याल ऐकायचा आहे, त्याने तिचा विचार जरूर करावा.

विदर्भातल्या घरात आणखी एक प्रतिस्पर्धी असतो, तो म्हणजे कूलर. एप्रिल ते जून खिडकीत तो अखंड गरजत असतो. त्याच्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेणे हा पराभवाचा मार्ग आहे. मी उन्हाळ्यात पहाटे ऐकतो, कूलर बंद ठेवून. पेटीची परीक्षाही अशाच शांततेत, हळू आवाजावर करावी. मोठ्याने वाजवले की कुठलाही स्पीकर क्षणभर भारदस्त वाटतो. हळू आवाजातही दोन शब्दांमधला श्वास ऐकू येत असेल, तर तो निवडण्याजोगा.

दुकानात ऐकून पाहण्याजोगी सोय यवतमाळात माझ्या पाहण्यात नाही. त्यासाठी मी नागपूरला गेलो. जाताना ओळखीच्या आवाजांची ध्वनिमुद्रणे सोबत नेली होती: एका सहकाऱ्याने वाचलेला उतारा, आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि एक जुने भावगीत. दुकानदाराने लावलेले झगमगीत संगीत आपण पूर्वी कधी ऐकलेले नसते. त्यावरून काय ताडणार? आईचा आवाज आईचा वाटतो की नाही, हे मात्र कुणाला विचारावे लागत नाही. 'स' शिटीसारखा टोचतो का, 'भ' आणि 'ब' वेगळे राहतात का, 'म' भरून येतो का, एवढे पाहिले. वॅटच्या मोठमोठ्या आकड्यांकडे दुर्लक्ष केले. पूर्वीच्या टेपरेकॉर्डरांवर छापलेले 'पीएमपीओ'चे हजारी आकडे आठवत असतील, तर का ते कळेल. पाहायचाच तर आरएमएस वॅटचा आकडा पाहावा, आणि एका वॅटला किती डेसिबल आवाज मिळतो ती संवेदनशीलता. ती तीन डेसिबलने कमी असली, की तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती लागते.

घरी आणल्यावर नावाने फसू नये. बुकशेल्फ स्पीकर पुस्तकांच्या कपाटात कोंबला की त्याचा घसा बसतो, काचेच्या दारांचे कपाट असेल तर अधिकच. कानाच्या उंचीवर, भिंतीपासून फूटभर पुढे, कोपरा टाळून ठेवावा. दोन पेट्या आणि आपण असा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा. फळीवरच ठेवणे भाग असेल, तर पाठीमागे भोक नसलेली पेटी घ्यावी, ती फळीच्या कडेपर्यंत पुढे आणावी आणि भोवतीच्या मोकळ्या जागेत पुस्तके भरावीत. खाली सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा यांनी जो गुण येतो, तो पुष्कळदा महागड्या उपकरणानेही येत नाही. शेवटी एखादे जुने एकमार्गी ध्वनिमुद्रण लावावे. गाणारा दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. तो विरघळून खोलीभर पसरला आणि आवाजही पातळ झाला, तर एका पेटीच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत असे समजावे.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतःच स्वतःला घेतला होता. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात शेतकऱ्याच्या संकटासोबतच येते, तिथे प्राध्यापकाने आवाजाच्या शुद्धतेची चर्चा करावी, ही चैन नव्हे काय? घरापुरती ती असेलही. पण वर्गात बसलेली मुले त्याच शेतकऱ्यांची आहेत, आणि 'माती' हरवली ती त्यांच्या कानांवरून. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला पुन्हा संमेलन भरले, तेव्हा उद्घाटन याच जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांनी केले. अशा माणसांचे बोलणे आपण साहित्याच्या व्यासपीठावर आणतो, तर ते धडपणे ऐकण्याची तजवीज अभ्यासाच्या खोलीत का असू नये? दुसरा पर्याय हेडफोनचा. तो स्वस्त आहे आणि चांगलाही असतो. पण तो एकट्यापुरता. कविता संपल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहण्याचा जो क्षण असतो, तो त्यात मिळत नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे: प्रत्येक मराठी विभागाने शब्दकोशाशेजारी छोट्या स्पीकरची एक बरी जोडी ठेवावी आणि तिला ग्रंथखरेदीइतकेच आवश्यक मानावे. आमच्या विभागात ती अद्याप नाही. दिवाळीनंतर मी माझ्या घरची जोडी दुचाकीवर बांधून महाविद्यालयात नेली आणि तीच कविता त्याच वर्गाला पुन्हा ऐकवली. त्या विद्यार्थिनीने पहिल्याच कडव्यात मान वर करून विचारले, "सर, माती आहे का हे?" मग तिने जुना आस्वाद परत मागून घेतला. मी तो दिला, पण आधीचे गुण खोडले नाहीत. चुकीची आवृत्ती तिला मीच दिली होती.