खिन्नतेचे औषध आणि आपली जबाबदारी

सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडीचे नाव घेताच जुन्या पिढीला तेथील क्षयरुग्णालय आठवते. खिन्नतेवरील औषधांचा इतिहासही क्षयापासूनच सुरू होतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. १९५२ साली न्यूयॉर्कमधील एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड घेणारे रोगी अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले, आणि मनाच्या व्याधीवरही गोळी असू शकते हे वैद्यकाला उमगले. त्याच औषधाने यकृतास इजा होते असे आढळल्यावर ते पुढे मागे घ्यावे लागले. गुण आणि धोका यांची ही जोडी आजही सुटलेली नाही.

फ्लुऑक्सेटिन, एसिटालोप्राम यांसारखी आजची औषधे सौम्य आहेत. परंतु सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ व अस्वस्थता मात्र आधीच जाणवते. काही तरुणांत आरंभीच्या काळात आत्महत्येचे विचार बळावू शकतात; म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांविषयी व २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांविषयी ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. ट्रामाडॉल हे वेदनाशामक किंवा चिवट क्षयावरील लिनेझोलिड यांच्या जोडीने ही औषधे घेतल्यास प्राणावरही बेतू शकते. आणि बरे वाटताच गोळी एकाएकी बंद केल्यास चक्कर, बेचैनी व व्याधीचा पुनरुद्भव यांना आमंत्रण मिळते.

हे सारे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरने रोग्याला व त्याच्या घरच्यांना समजावून सांगावयास हवे. पण माण, खटाव, जत, आटपाडी येथील रोग्याने साताऱ्यास वा मिरजेस यावयाचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. मग जुनीच चिठ्ठी दाखवून गोळ्या घेतल्या जातात, नाही तर त्या सुटतात. केवळ त्याला दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ग्रामीण रुग्णालयांत ठरावीक वारी मानसोपचारतज्ज्ञ बसलाच पाहिजे, आणि औषध प्रशासनाने चिठ्ठीवाचून होणारी विक्री रोखलीच पाहिजे.

२०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. तिचा उपयोग करावा. मधुमेहाची गोळी चारचौघांत घेणाऱ्या सुशिक्षित घरांनी मनाची गोळी लपवू नये. लपविलेल्या औषधावर कोणाची नजर राहणार?