एका सातबाऱ्यावर किती जणांचे काम?

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड तालुक्यात कोळशासाठी जमीन जाणार अशी कुणकुण लागली की घराघरात दोन हिशेब सुरू होतात. एक मोबदल्याचा, दुसरा नोकरीचा. पहिला हिशेब तलाठ्याच्या कागदावर सुटतो. दुसरा घरातच अडतो, कारण नोकरी एकाच्याच नावाने लागायची असते. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात संपादित होणाऱ्या दर दोन एकरांमागे एक नोकरी अशी तरतूद आहे. मग नाव कोणाचे? बहुतेक वेळा घरातल्या तरुण मुलाचे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. कायमची नोकरी आहे, सरकारी कंपनी आहे, महिन्याच्या महिन्याला पगार आहे.

प्रश्न पगाराचा नाहीच. दोन एकर वावरात काम किती जण करत होते, हा आहे.

बाप डवरणी करत होता, आई आणि सून निंदणाला जात होत्या, म्हातारा धुऱ्यावर बसून पाखरे हाकत होता, म्हातारी गोठा बघत होती. शाळेतून आलेली पोरेसुद्धा वेचणीच्या दिवसांत हाताशी यायची. सातबाऱ्यावर नाव एकाचे असले तरी काम सगळ्यांचे होते. त्या कामाने दिवसाला आकार यायचा आणि घरात प्रत्येकाच्या शब्दाला काही वजन असायचे. जमीन गेली की यातले एक काम नोकरीच्या रूपाने परत मिळते. बाकीची कामे कोणत्याही पंचनाम्यात येत नाहीत.

उमरेडला हे नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये या गावाची ओळख रेशीमकाठी सुती कापड हातमागावर विणणारे गाव अशी दिली आहे. कोष्ट्यांच्या घरात मागावर एकटा पुरुष बसलेला दिसला, तरी धोतर विणायला अख्खे घर लागायचे. कांड्या भरायच्या बायकांनी आणि पोरांनी, पांजण करायची सगळ्यांनी मिळून. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झाली आणि कापडाचे काम घराबाहेर, भोंग्याच्या तालावर चालू लागले. मिलने हजारो हातांना पगार दिला, यात शंका नाही. पण मिलमध्ये माणूस एकटा कामाला जातो, घर कामाला जात नाही. पुढे ती मिलही डबघाईला आली, 1986 मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची बंद झाली.

हातमागावरचे श्रम कोणाचे, याचे उत्तर चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत सापडते. 2019-20 च्या या गणनेनुसार देशात सुमारे 35 लाख लोक हातमागावर आणि त्याच्या जोडकामांवर आहेत आणि त्यांत स्त्रियांचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. तरीही ‘विणकर’ म्हटले की डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो.

मागानंतर उमरेडला कोळशाने हात दिला. साठच्या दशकात इथे खुली खाण सुरू झाली. 1973 मध्ये कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये कोल इंडियाची उपकंपनी वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे वेकोलि, आली. वसाहत उभी राहिली, बाजारात पैसा खेळू लागला, कोळशासाठी बुटीबोरीहून रेल्वेमार्ग आला. ज्यांच्या घरी वेकोलिची नोकरी होती, त्यांच्या पोरांची लग्ने आणि शिक्षणे सुकर झाली. हे श्रेय खाणीचेच. मात्र या कामाचे दार स्त्रियांना अर्धेच उघडे होते. 1952 च्या खाण कायद्याने त्यांना भूमिगत खाणीत मज्जाव केला आणि खुल्या खाणीत रात्रपाळीला. त्या अटी सैल झाल्या थेट 2019 मध्ये. वावरात पहाटेपासून राबणाऱ्या बाईला खाणीत तीन पाळ्यांपैकी एखादीच मिळण्याजोगी होती, तीही तिच्या नावाने नोकरी लागली तर.

काम गेल्यावर माणसाचे नेमके काय जाते, याचा एक जुना अभ्यास आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातला कापड कारखाना 1930 च्या सुमारास बंद पडला. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तिथे मुक्काम ठोकून गावाची दिनचर्या टिपली. 1933 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातली निरीक्षणे आजही अस्वस्थ करतात. लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. रस्त्यावरून पुरुष रेंगाळत चालत, वाटेत थांबत. बायका मात्र झपझप चालत, कारण कारखान्यातली मजुरी बुडाली तरी घरचे काम संपले नव्हते.

उमरेडच्या आसपास चित्र उलटे होण्याची शक्यता अधिक. इथे नोकरी लागलेला पुरुष पाळी गाठायला धावतो आणि वावर गमावलेल्या बाईच्या हातचे बाहेरचे काम, चार जणींची सोबत आणि स्वतःच्या कमाईचे चार पैसे एकाच वेळी जातात. भिवापूर-उमरेड पट्ट्यात मिरचीच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडण्याच्या जागांवर, देठ तोडायला बायका जातात. पण ते काम हंगामी असते.

काम म्हणजे केवळ मजुरी नव्हे, हेच वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा मांडत होते. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहणारा हा हिशेबनीस अर्थतज्ज्ञ सांगे की कामात कष्टही असतात आणि माणसाला वाढवणारा आनंदही असतो. कष्ट एकाच्या वाट्याला आणि आनंद दुसऱ्याच्या, अशी वाटणी केली की दोघांचेही बिघडते. शेतीतले किंवा मागावरचे जुने काम सुखाचे होते, असे म्हणण्याचे कारण नाही. कर्ज होते, पाठ मोडत होती, सुनेचे श्रम फुकटात धरले जात होते. आणि नवे काम आपोआप सुरक्षितही नसते. एप्रिल 2025 मध्ये उमरेडच्या औद्योगिक वसाहतीतल्या अॅल्युमिनियम कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. कामात अर्थ शोधण्याआधी कामावरून धड परत येता आले पाहिजे.

म्हणूनच मागणी जुने दिवस परत आणण्याची असू शकत नाही. मोजमाप पूर्ण करण्याची मात्र असू शकते. संपादनापूर्वीच्या सर्वेक्षणात घर, विहीर आणि झाडे मोजली जातात. त्याच कागदावर घरातला कोण कोणते काम करतो, याचा एक रकाना वाढवता येईल. मोबदल्याची रक्कम पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात जमा करता येईल. नोकरीसाठी नाव ठरवताना मुलीचा आणि सुनेचा विचार झाला का, हे ग्रामसभेत विचारता येईल. खाण बंद करण्याच्या खर्चापोटी कोळसा कंपन्यांना दरवर्षी एस्क्रो खात्यात रक्कम ठेवावी लागते. हा नियम 2009 पासून आहे. त्यातून माती सपाट होते, झाडे लागतात. त्याच निधीतला ठरावीक भाग ज्यांच्या हातचे काम गेले त्यांच्या नव्या कामासाठी, मग तो मिरचीवरचा प्रक्रिया उद्योग असो वा हातमाग, खाण चालू असतानाच राखून ठेवावा, असा ठराव उमरेडच्या ग्रामपंचायतींनी पुढच्या जमीन संपादनाच्या आधी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायला हवा.