एआय विकत घ्यायच्या आधी घरात एक डाव मांडा

परवाच्या व्हिडिओत मला सतरंजीवर चिंचोके आणि काडेपेटीतल्या काड्या घेऊन बसलेला बघून काही जणांना वाटलं असेल, दादाला आता धंदा सोडून खेळ सुचायला लागले. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सगळं बसत नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

माझं म्हणणं सरळ आहे. तुमच्या धंद्यात एआय कुठं लावायचं आणि कुठं लावायचं नाही, हे तुम्ही एकट्याने रात्री रील बघत ठरवू नका. तुमच्या धंद्यात राबणाऱ्या सगळ्यांना एका जागी बसवा आणि असा खेळ खेळा की जिंकले तर सगळे जिंकतील आणि हरले तर सगळे हरतील. त्यातून जे बाहेर येईल तीच तुमची एआय स्ट्रॅटेजी. कोर्स, सॉफ्टवेअर, कन्सल्टंट हे सगळं त्याच्यानंतर.

मी हे शहाणपणाने बोलत नाहीये, पैसे घालवून बोलतोय.

नवीन लोकांसाठी सांगतो, माझं जेऊरला पाईप, फिटिंग, मोटारीचं सामान आणि ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. उजनीच्या पाण्यावरचा ऊस आणि केळी, हेच आमचं गिऱ्हाईक. मागच्या वर्षी मी व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप ऑर्डर घेणारा एआय बॉट लावून घेतला. 18 हजार रुपये दिले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक त्यांच्यापेक्षा माझी जास्त होती. बॉट गिऱ्हाइकाला विचारायचा, ‘कृपया आपला पर्याय निवडा.’ आणि आमचं गिऱ्हाईक काय पाठवतं? तुटलेल्या एल्बोचा चिखलातला फोटो, किंवा मागे इंजिन चालू असताना बोललेला व्हॉइस मेसेज: ‘दादा, मागल्या टायमाला नेलतं तेच चार पाठव.’ बॉट पुन्हा म्हणायचा, पर्याय निवडा. गिऱ्हाईक शेवटी फोनच करायचं. दोन महिन्यांत बॉट बंद.

खरी गोष्ट पुढं आहे. बंद केल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “दादा, हे चालणार न्हाय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “चाललं असतं तर तुम्ही मला काढलं असतं. मग मी कशाला सांगू?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. सात वर्षं हा पोरगा माझ्याकडे आहे. दुकानातलं कुठलं सामान कुठल्या कप्प्यात आहे, कुठल्या शेतकऱ्याची मोटार किती एचपीची आहे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. आणि ज्याला सगळ्यात जास्त माहिती होती, त्यालाच माझा प्लॅन फसण्यात फायदा दिसत होता. असा प्लॅन जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरने चालला नसता.

बीबीएला असताना आम्हाला एकदा ‘बिअर गेम’ खेळायला लावला होता. नावावर जाऊ नका, त्यात प्यायला काही नसतं. अमेरिकेतल्या एमआयटीत 1960 च्या आसपास तयार झालेला हा खेळ आजही मॅनेजमेंटच्या वर्गात खेळवतात. चार जण: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. सगळ्यांनी मिळून एकूण खर्च कमी ठेवायचा, पण एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या पुढे सरकवायच्या. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच थोडी वाढते आणि नंतर तशीच राहते. तरीसुद्धा मागे कारखान्यापर्यंत जाता जाता कधी मालाचा डोंगर होतो, कधी ठणठणाट. खेळ संपल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आमच्या वर्गातही हेच झालं, मी कारखाना होतो आणि मी दुकानदारावर खेकसलो होतो.

बॉटच्या प्रकरणानंतर मला तो खेळ आठवला. माझ्या दुकानातही चार माणसं चिठ्ठ्याच सरकवत होती, बोलत कोणी नव्हतं. मग म्हटलं, याच्या उलटा खेळ करू. बोलायची पूर्ण मुभा आणि हार-जीत सगळ्यांची एकच. परदेशात असे बोर्ड गेम बरेच आहेत. 2008 साली आलेल्या ‘पँडेमिक’मध्ये सगळे खेळाडू मिळून रोगाच्या साथीशी लढतात, एकमेकांशी नाही. आपल्याला एवढा महागाचा डबा लागत नाही.

आमचा खेळ असा आहे. चार जण बसतात: मी, काउंटरवरचा पोरगा, उधारीची वही सांभाळणारी माझी बायको आणि एक नेहमीचं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक पाहिजेच, ते नसलं तर आपण आपल्यालाच शाबासकी देत बसतो. मधे ताटात 40 चिंचोके, ही दुकानाची सामायिक शिल्लक. एप्रिल ते मार्च असे बारा डाव. दर महिन्याला प्रत्येकाला तीन काड्या मिळतात, काडी म्हणजे त्याचा वेळ. मग डब्यातून अडचणीच्या दोन चिठ्ठ्या काढायच्या. ‘नेट दोन दिवस बंद.’ ‘केळीचा भाव पडला, उधारी थांबली.’ ‘कंपनीने पाईपचा रेट वाढवला.’ प्रत्येक चिठ्ठीवर किती काड्या लागतील ते लिहिलेलं असतं. काड्या कमी पडल्या तर ताटातले चिंचोके जातात. महिना नीट पार पडला की ताटात चार येतात.

आणि एआयच्या चिठ्ठ्या वेगळ्या. त्या विकत घ्याव्या लागतात. एक चिठ्ठी दर महिन्याला दोन काड्या वाचवते, पण तिने केलेलं काम तपासायला कुणाची तरी एक काडी जाते. कुणाची, ते चिठ्ठी घेतानाच नाव घालून लिहायचं. नाव लिहायला कोणी तयार नसेल तर चिठ्ठी मिळत नाही. हा नियम मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो, कारण एआय किती आत्मविश्वासाने थापा मारतं ते तुम्ही बघितलंच असेल. विकणारा माणूस वाचलेल्या दोन काड्या दाखवतो, तपासणारी काडी कोणी दाखवत नाही.

शेवटचा नियम पोरग्यासाठी केला. ज्याच्या काड्या लागोपाठ तीन महिने कामाविना पडून राहतील तो खेळाबाहेर. आणि एक जरी बाहेर गेला तरी डाव सगळेच हरले. म्हणजे एआयने कुणाचं काम वाचवलं, तर त्याला दुसरं कमाईचं काम शोधून देणं ही सगळ्यांची जबाबदारी.

पहिले दोन डाव आम्ही दिवाळीच्या आतच हरलो! मी मालकासारखा तीन एआय चिठ्ठ्या एकदम घेतल्या आणि तपासायला सगळीकडे पोरग्याचं नाव टाकलं. त्याच्या तिन्ही काड्या तिथेच गेल्या, काउंटरला माणूस उरला नाही. खेळात हे कळायला वीस मिनिटं लागली, खऱ्या दुकानात 18 हजार लागले होते.

तिसऱ्या डावात पोरगा बोलायला लागला. तो म्हणाला, ऑर्डर घ्यायला एआय नको, फोटो ओळखायला द्या. फोटोवरून सामान ओळखून एआयने दोन-तीन नावं सुचवायची आणि त्याने त्यातलं बरोबर निवडायचं. आता दुकानात हे खरंच चालू आहे. एआय एल्बो आणि टी बरोबर ओळखतं, साइजमध्ये मात्र गंडतं. त्याची काडी तिथे लागते. आणि जो वेळ वाचला त्यात तो आठवड्यातून दोन दिवस कंदर, वाशिंबे भागात गाडीवर जाऊन ठिबकची दुरुस्ती करून देतो. हे कामही त्यानेच खेळात सुचवलं, कारण त्याच्या काड्या पडून राहायला लागल्या होत्या.

‘सरकारने कर बदलला’ ही चिठ्ठी आमच्या गिऱ्हाइकाने टाकली. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबकच्या साहित्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, हे त्याला पक्कं माहीत होतं, पैसे त्याचेच होते. त्याच बैठकीत आम्ही मोबाईलवरच्या एका एआयला कोटेशन करायला लावलं. त्याने निवांत 12 टक्के धरला. तेव्हापासून कोटेशनचं लिखाण एआयकडे, रेट आणि कर आमच्याकडे.

कोणी म्हणेल, हे छोट्या दुकानाचं झालं, मोठं काम असं होत नसतं. बारामती आपल्यापासून काही लांब नाही. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला बरोबर घेऊन उसावर एआयचा प्रयोग केला आणि जानेवारी 2025 मध्ये खुद्द सत्या नडेला यांनी त्याचं कौतुक केलं. सगळ्यांनी त्यातलं सॅटेलाइट आणि सेन्सर बघितलं. मी बघतो ते हे, की त्यात शेतीतले जाणकार आहेत, कंपनी आहे आणि ज्याच्या रानात हे चालतं तो शेतकरीही आहे. जून 2025 मध्ये राज्य सरकारने शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटींची तरतूद आहे. म्हणजे तुमच्या दारात एआय विकायला येणारे वाढणारच आहेत. ते यायच्या आधी तुमच्या ताटात किती चिंचोके आहेत ते मोजून ठेवा.

‘दादा, माझा धंदा अजून सुरूच झाला नाही, मी कुणाला बसवू?’ असा प्रश्न येणार. आईला बसवा, जो माल देणार आहे त्याला बसवा, जो पहिला गिऱ्हाईक होईल असं वाटतं त्याला बसवा. केमला कुंकवाच्या धंद्यात पडायचं असेल तर त्या कामातलं एक माणूस पाहिजे. चहा पाजा, येतात लोक. अडचणीच्या चिठ्ठ्या मात्र त्यांना लिहू द्या. तुम्ही लिहिल्या तर तुम्हाला सुटणाऱ्याच अडचणी लिहाल, मीही तेच केलं होतं.

एक चिठ्ठी आमची अजून सुटलेली नाही. माझ्या भाच्याने हौसेने उधारीच्या वहीच्या चार पानांचे फोटो एआयला देऊन मिनिटात सगळी बाकी मांडून दाखवली. मला मोह झाला, कारण ऊसबिलं निघाली की वसुलीच्या वेळी बायकोच्या आठ-दहा दिवसांच्या रात्री त्या वहीत जातात. ती मात्र भडकली. “अहो, कुणाकडे किती बाकी आहे हे आपण शेजारच्याला सांगत नाही, आणि याला फोटो पाठवताय?” लोकांच्या खासगी माहितीसाठी 2023 साली देशात वेगळा कायदाही झाला. पण ती कायद्याचं बोलतच नव्हती. गावात उधारी ही अब्रूची गोष्ट आहे, तिला ते कळतं.

नावं काढून नुसते आकडे द्यायचे, असा मधला मार्ग मी सुचवलाय. ती म्हणते, आकड्यावरूनही माणूस ओळखू येतो, सगळ्यात मोठी बाकी कुणाची हे अख्ख्या जेऊरला माहीत आहे. त्या चिठ्ठीवर तपासणाऱ्याच्या जागी तिने स्वतःचं नाव लिहून खोडलंय. पुढच्या रविवारी दुकान बंद झाल्यावर परत बसणार आहोत.