न्यू मेक्सिकोंतील गायरान कोणीं गिळलें?

ज्यांच्या गांवाला अद्यापि गायरान आहे, अशा आमच्या शेतकरी बांधवांस पुढील हकीकत फोड करून सांगण्याची गरज पडणार नाहीं.

उत्तर अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतावर पूर्वीं स्पेनच्या राजाचा अंमल होता. सरहद्दीवर अपाची व कोमांची लोकांच्या धाडी येत. (ती भूमि मुळांत इंडियन लोकांचीच, पण राजाच्या दप्तरांत असल्या गोष्टींस जागा कोठली!) त्या धाडींच्या तोंडीं सांता फे शहरांतील गबर लोक थोडेच जाऊन बसणार? तेव्हां भूमिहीन गरीबांस, व पकडून आणून चाकरीस राबविलेल्या इंडियनांच्या वंशजांस, जमीन देऊन तेथें वसविण्याची युक्ति निघाली.

१७९४ सालीं पेकोस नदीच्या कांठीं सान मिगेल देल वादो येथें ५२ जणांस अशी देणगी मिळाली. अटी ऐका. प्रत्येकानें हत्यार बाळगावें. चौक व पाट सर्वांनीं मिळून बांधावे. आणि जमीन जशी आजच्यांची, तशी पुढें येऊन वसणाऱ्यांचीही सामाईक असावी. १८०३ सालीं पाटाखालचे पट्टे कुटुंबवार वांटून दिले. बाकी रान, सरपण, चराई सर्वांची.

१८२१ सालीं मेक्सिको स्वतंत्र झाला, आणि १८४६ सालीं अमेरिकेच्या फौजा आल्या. १८४८ च्या तहांत मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेस धक्का लागणार नाहीं असें वचन होतें. जुन्या देणग्यांबद्दलचें खास कलम मात्र अमेरिकेच्या सेनेटनें खोडून टाकलें. वर लेखी समजूत अशी घातली कीं, कलम गेलें तरी देणग्या खऱ्याच!

पुढें दावे सुरू झाले. शाबितीचा बोजा शेतकऱ्यावर, कायदा परक्याचा, भाषा इंग्रजी. शेतकऱ्यापाशीं रोकड नाहीं, म्हणून वकिलाची फी जमिनींतून. ती कित्येकदां तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक. दावा जिंकला तरी जमीन गेलीच. टॉमस कॅट्रन नांवाचा वकील ह्याच धंद्यावर देशांतील बड्या जमीनदारांत जाऊन बसला, आणि १९१२ सालीं सेनेटर झाला. विद्येची मिरास ज्याच्या घरीं, त्याला नांगर धरावा लागत नाहीं!

सान मिगेलकरांनीं ३ लाख १५ हजार एकरांवर हक्क सांगितला होता. १८९७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, सामाईक रान गांवाचें नव्हेच. तें राजाचें, म्हणून मेक्सिकोचें, म्हणून आतां अमेरिकेचें. गांवाच्या पदरीं पडले सुमारें ५ हजार एकर. आम्ही विचारतों, धाडी अंगावर घेतांना तें रान लोकांचें होतें, तर गुरें चारण्याच्या वेळींच तें राजाचें कसें झालें? ज्या कागदावर हत्यार बाळगण्याची अट लिहिली, त्याच कागदावर सामाईक हा शब्दही होता. न्यायमूर्तींनीं एक ओळ वाचली व दुसरी ओलांडली, असेंच आम्हांस वाटतें.

अशा पुष्कळ देणग्यांचीं रानें पुढें सरकारी राखीव जंगलांत गेलीं. १९६७ च्या जून महिन्यांत रेयेस लोपेस तिहेरिना याच्या अनुयायांनीं तिएर्रा आमारिया येथील कचेरीवर हत्यारें घेऊन हल्ला केला, तेव्हां कोठें हा प्रश्न साऱ्या देशाच्या कानीं गेला. २००४ सालीं सरकारच्या हिशेबतपासनीस खात्यानें मोठा अहवाल काढला. निवाडे कायद्यास धरूनच झाले, असा त्याचा निर्णय. पुढें काय करावें ह्याचे पर्यायही त्यांत मांडले आहेत. त्यांतला एक पर्याय, कांहींच न करण्याचा.