शिडाच्या होडीला विजेची जोड : अनुदान जुन्या होडीलाही हवे

विजेच्या वाहनांच्या चर्चेत स्कूटर आहे, रिक्षा आहे, बस आहे. होडी मात्र नाही. केंद्राची फेम योजना २०१५ साली आली, तिचा दुसरा टप्पा २०१९ साली आणि पीएम ई-ड्राइव्ह २०२४ साली. तिन्हींचा भर रस्त्यावरील वाहनांवर. मांडवी-जुवारीच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपण तरी याबद्दल बोलले पाहिजे.

होडी विजेवर चालते, हे केरळने दाखवून दिले आहे. वैकम येथे ७५ प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली, तर कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये. पण या नव्या बांधलेल्या बोटी. प्रश्न आहे तो जुन्या होडीचा, आणि शिडाच्या होडीला हा बदल सर्वांत सोयीचा आहे.

हिशेब साधा आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातील जेमतेम ३ युनिट कामी लावते. ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत ९.६ युनिट मावतात. म्हणजे ही महागडी बॅटरी अडीच-तीन लिटर डिझेलइतकेच काम करील. दिवसभर इंजिनावर धावणाऱ्या ट्रॉलरचे त्यात भागणार नाही. पण शिडाच्या होडीचे लांबचे काम वारा करतो; मोटर लागते ती धक्क्यातून निघताना, परतताना आणि वारा पडल्यावर. शिवाय वेग निम्मा केला की शक्ती साधारण आठव्या हिश्श्याने लागते. २ किलोवॅटवर सावकाश चालवली तर ही बॅटरी सुमारे पावणेपाच तास पुरते. नदीत तेलाचा तवंग नाही, धूर नाही, खडखडाट नाही.

अडचण पैशाची आहे. डिझेलचा खर्च रोज थोडाथोडा होतो; बॅटरीचा सगळा आरंभीच. नवी बोट घेणाऱ्याला कर्जाचा मार्ग सापडतो. जुन्या होडीत मोटर बसवणारा कोणत्या रकान्यात बसतो, हे बँकेत बसूनही सांगता येत नाही.

असे पूर्वी एकदा झाले आहे. ट्रॉलर आले तेव्हा सरकारी मदत यंत्रवाल्यांकडे गेली, रापणकार मागे राहिले. त्यांना सत्तरच्या दशकात आंदोलन करावे लागले आणि १९८० साली मासेमारी नियमनाचा कायदा आला. विजेच्या बाबतीत तीच चूक पुन्हा नको.

म्हणून आपल्या संस्थेने बंदर कप्तान खात्याकडे व आमदारांकडे तीन मागण्या नेटाने मांडाव्यात. जुन्या होडीच्या रूपांतरालाही अनुदान मिळावे. लहान धक्क्यांवर चार्जिंगची सोय व्हावी. खाऱ्या पाण्यात वायर आणि जोडण्या लवकर गंजतात, म्हणून हे काम जाणणारे कारागीर आयटीआयमधून तयार व्हावेत.

होडी ज्याच्या घरची आहे, तिचा कायापालटही त्याच्याच हातून व्हावा. निवेदनावर सह्या करताना एवढे लक्षात असू द्या.